मेजरचे कान

मेजर समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ द्यायचे नाहीत. आपण "मेजर, तुमचा तो..." एवढं म्हणतोय तोवर "दिला की परवाच, तुमच्या शिपायाच्या हातात दिला," असं उत्तर तयार असायचं. आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं. हा माणूस दोन्ही कानांनी ठार बहिरा आहे, असं त्यांचा अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज म्हणत होता. तो अर्ज टाईप करता करता मी मनात म्हणत होते, काय पण थाप आहे!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. कलेक्टर आले, जीपगाड्या आल्या, रंगाचा वास न गेलेल्या पाट्या आल्या. नळाला पाणी तेवढं यायचं राहिलं. माजी सैनिकांचं ऑफिस एका किराणा दुकानाच्या माडीवर भाड्याने घेतलं होतं. खाली मिरच्यांची पोती उतरली की वर साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे शिंकायचे आणि सरकारी काम थांबायचं. मी तिथली टायपिस्ट. मास्तरांची मुलगी, पहिलीच नोकरी, त्यामुळे नाक जरा वरच होतं.

आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजर असतो. शिपाई म्हणून गेलेला असो नाहीतर स्वयंपाकी म्हणून, पेटी घेऊन एसटीतून उतरला की गाव त्याला मेजर करून टाकतं. त्या हिशेबाने आमच्या जिन्यावर रोज मेजरांची रांग असायची. हे मेजर तोफखान्यात हवालदार होते. पण आजही कुणी नुसतं 'मेजर' म्हटलं की मला तेवढे एकच दिसतात: काळेसावळे, काटक, मिशीला कोकम तेल लावणारे आणि डोळे सतत तुमच्या तोंडावर.

या डोळ्यांमुळेच पहिल्या दिवशी आमचं वाजलं. मी खाली मान घालून विचारलं, "नाव?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "बाई, जरा वर बगून बोला की. तोंड दिसंना तुमचं." मी अशी तापले! खुर्ची मागे ढकलून साहेबांकडे तक्रार करायला निघाले, तर हे शांतपणे म्हणतात, "हां, आता दिसलं. आता इचारा काय इचारायचं ते." ओठ दिसल्याशिवाय या माणसाला एक अक्षर कळत नाही, हे ध्यानात यायला मला पुष्कळ दिवस लागले. तोवर मी त्यांना चावट म्हातारा समजून फटकून वागत होते, आणि त्यांनी मला तसं खुशाल समजू दिलं.

ओठ वाचण्यात मात्र ते उस्ताद. आमच्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडच्या माडीवर दुसऱ्या एका खात्याचं ऑफिस होतं. मेजर खिडकीजवळच्या बाकावर बसायचे आणि तिकडच्या गप्पा आम्हाला इकडे सांगायचे. कुणाची बदली, कुणाची चहाची उधारी, कोण कुणाला काय म्हणालं. एकदा त्यांनी बातमी आणली की चार वाजता पाण्याचा टँकर येणार. सगळी गल्ली बादल्या, घागरी, डालड्याचे डबे घेऊन कोपऱ्यावर उभी राहिली. आमचे साहेबसुद्धा शिपायाला कळशी देऊन खाली पाठवून बसले. टँकर आला, अगदी चार वाजता आला, पण शेजारच्या गल्लीत. लोक मेजरांवर धावून आले तर हे म्हणतात, "चार वाजता म्हनला ते दिसलं. कुटं म्हनला तवा मेल्यानं तिकडं तोंड फिरवलं. त्याला मी काय करू?"

त्यांचं खरं किती आणि रचलेलं किती, हे कुणालाच सांगता यायचं नाही. तोफ उडताना कानात घालायला कापूस मिळायचा का, असं साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "मिळायचा की, लई मिळायचा. मी साठवून उशी केली. झोप मातूर झकास लागायची." साहेबांना ते खरं वाटलं. त्यांनी मला तसं लिहायला सांगितलं आणि मेजर माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर त्या एका वाक्यावरच अर्ज परत आला असता.

तो परत आलाच, पण दुसऱ्याच वाक्यावर. अर्जात एक प्रश्न होता, फौज सोडल्यानंतर काय काम केलं? शहाण्या माणसाने 'शेती' लिहून गप्प बसावं. मेजरांनी छाती फुगवून लिहिलं होतं, 'बहात्तरच्या दुष्काळात सुरुंग लावून वस्तीची विहीर खोदली.' वरच्या ऑफिसला आणखी काय हवं? त्यांनी कळवलं की फौजेतून निघताना हवालदाराचे कान चांगले होते, तशी डॉक्टरांची नोंद आहे. पुढे घरी जाऊन त्यांनी सुरुंगाचं काम केलं. सबब बहिरेपणाचा लष्करी सेवेशी संबंध दिसून येत नाही. साहेब म्हणाले, "मेजर, आपल्या हाताने गळफास लावून घेतलात." मेजर म्हणाले, "आवो, पर एवढी इहीर खांदली, ती सांगायची न्हाई व्हय?"

ती विहीर खरोखरच सांगण्यासारखी होती. त्यांच्या बौद्ध वस्तीला तोवर स्वतःचं पाणी नव्हतं. गावच्या विहिरीवर घागर खाली ठेवून बाजूला उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्याने वरून ओतायचं. मेजर पेन्शनवर घरी आले आणि वर्षा-दोन वर्षांत तो दुष्काळ पडला. त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, एक दिवस रिकामी घागर त्यांच्या पुढ्यात आदळली. "लढाई मारून आलाव म्हनता नव्हं? मंग आदी हितं पानी काडून दावा." मेजरांनी वस्ती गोळा केली आणि निलंगा भागातून यल्लप्पा नावाचा सुरुंगाचा मिस्त्री आणला. उन्हाळा सरता सरता काळ्या दगडाखाली पाणी लागलं. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत मेजर रस्त्याने चालले असताना मागून बैलगाडी आली. गाडीवाला घसा फाडून ओरडत होता आणि हे आपले मधोमध चाललेत. शेवंताबाईंनी ते डोळ्यांनी बघितलं. सुरुंगाने मेजरचे कान गेले, हे त्या दिवशी सगळ्या वस्तीने ठरवून टाकलं.

शेवंताबाई त्यांच्याबरोबर ऑफिसात यायच्या. शहरात पाणी नाही म्हणून आमच्यासाठी त्या विहिरीच्या पाण्याची कळशी एसटीतून घेऊन यायच्या, माडीवर चढवायच्या आणि कोपऱ्यात बसायच्या. तोंडातून शब्द नाही. नवरा एवढ्या थापा मारतोय, लोक हसतायत, पण या बाईच्या चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. एकदा मी म्हटलं, "शेवंताबाई, पाणी काय गोड आहे हो तुमच्या विहिरीचं!" तर खिडकीकडे बघून म्हणाल्या, "गोड हाय बाई. पर ह्याच पान्यानं ह्यांचं कान खाल्लं. मीच म्हनलं व्हतं, इहीर काडा."

त्या पाणी देऊन खाली बाजाराला गेल्यावर मेजर माझ्या टेबलाशी आले. त्यांनी ते शेवंताबाईंच्या ओठांवर वाचलं होतं. एवढा वेळ त्यांना न हसता बघितलेलं मला आठवत नव्हतं.

"बाई, ती आदी अशी न्हवती. लई भांडायची. सकाळी चूल पेटवायची आन माज्यावर सुरू व्हायची ती दिवा लावस्तोवर. आता धा-बारा वर्सं झाली, भांडत न्हाई. भाकरी वाडती, गप बसती. मी मुद्दाम चप्पल घालून चुलीपाशी जातो, तरी काय म्हनत न्हाई. मला आयकू येत न्हाई ते र्‍हाऊ द्या. पर तिचं तोंड हालायचं ते मी बगायचो की. तेच बंद झालं. सरकारनं लिवून द्यावं, कान तोफंनं गेलं म्हनून. मंग तिला पटंल. माजं पटत न्हाई."

"का नाही पटत? तुम्ही सांगितलंत ना?"

"सांगितलं की. पर मी आजवर तिला खरं कवा सांगितलं?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी विचारलं, "मेजर, खरं सांगा. कान तोफेनंच गेले ना?" तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं, साहेबांच्या दाराकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. पासष्टच्या लढाईनंतर कान गेले ते गेलेच. पण कळलं असतं तर नोकरी पुरी व्हायच्या आतच घरी धाडलं असतं. म्हणून लपवलं, आणि ते लपवलेलं उघडं पडू नये म्हणून निघतानाच्या तपासणीतही त्यांनी डॉक्टरला उल्लू बनवलं. डॉक्टर पाठीमागे उभा राहून हळू बोलायचा आणि मेजरांनी ते परत म्हणायचं, अशी पद्धत. मेजरांच्या समोर खिडकी होती. खिडकीच्या काचेत डॉक्टरचे ओठ लख्ख दिसत होते. घरी आले तेव्हा बायकोलाही सांगितलं नाही. "जवान गेलो आन भैरा होऊन आलो, असं का सांगायचं?" तिचे ओठ वाचत, हो ला हो करत वर्ष-दोन वर्षं निभावली. मग विहीर झाली, बैलगाडी आली, आणि बिंग फुटलं ते चुकीच्या जागी फुटलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"वस्तीनं नारळ देऊन सत्कार केला ना माजा! गावासाठी कान दिला म्हनून. त्यो कसा परत करायचा?"

म्हणजे अडचण सगळी अशी होती. फौजेला फसवलं म्हणून फौजेच्या कागदावर कान चांगले. बायकोला फसवलं म्हणून घरात साक्षीदार नाही. सगळ्यांना इतकं बेमालूम फसवलं की आता खरं सिद्ध करायला एक माणूस शिल्लक राहिला नाही. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "विहिरीच्या आधीपासून तुम्ही बहिरे होतात, हे जगात कुणालाच माहीत नाही?"

मेजर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "यल्लप्पाला हाय."

"मग आणा की त्याला!"

"त्याला शप्पत घातलेली हाय. आन त्यो आला तर शेवंतीला समदं कळंल. मी घरी आलो त्या दिवसापासनं तिला येड्यात काडलं, ते कळंल. कागद आला असता तर तिचं मन मोकळं झालं असतं आन माजी चोरी बी झाकली असती."

आता मला राग आला. म्हटलं, "मेजर, एक काय ते निवडा. ती बाई गेली इतकी वर्षं स्वतःला खातेय. तुमची चोरी झाकायला आणखी किती वर्षं खाऊ द्यायची?" मी हे जोरात बोलले. जोरात बोलून उपयोग नव्हता, पण ओठ त्यांनी वाचले. उठले, टोपी घातली, आणि जिना उतरून गेले. थाप न मारता निघून गेलेले मेजर मी पहिल्यांदा बघितले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते आले ते यल्लप्पाला घेऊन. मागे कळशी घेऊन शेवंताबाई. यल्लप्पा दगडासारखाच रुंद, बोलायला मात्र हौशी. अर्धं कानडी, अर्धं मराठी. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. खुर्ची नको म्हणून तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मेजरांकडे बघत विचारलं, "सांगू काय मेजरसाब? शप्पत सुटली?"

"सुटली. सांग," मेजर म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ओठ दिसू नयेत म्हणून ऐकू न येणाऱ्या माणसाने केलेली ती सोय होती.

"साहेब, पयला दिवस. पयला सुरुंग. बार भरला, वात लावली, आन मी वरडलो, पळा! समदी पोरं पळाली. हे एकटं खाली पाठ करून दगड फोडत बसलं. मी पुन्ना वरडलो. नाही! मग मीच उडी टाकलो, कंबर धरलो आन आडोशाला वडलो. बार झाला त्याच्या नंतर. मी यांना मारायलाच उठलो, तर हात जोडून म्हंटलं, यल्लप्पा, कान नाही मला, घरी सांगू नको. दुसऱ्या दिवसापासून मी यांच्या कमरेला दोरी बांधलो. दोरी वडली की वर यायचं. गाव म्हणायचं, मेजर पडू नये म्हणून दोरी. अय्यो, पडायला काय झालंय त्यास्नी!"

मी टाईप करायचं थांबले. शेवंताबाई कोपऱ्यातून उठल्या. यल्लप्पासमोर गेल्या. "म्हंजे पयल्या बाराच्या आदीच आयकू येत न्हवतं?"

"बिलकुल नाही, अक्का. आमच्या आईची आण."

त्यांनी वळून मेजरांकडे बघितलं. मेजरांची पाठच होती. त्या गेल्या, खांद्याला धरून त्यांना गर्रकन आपल्याकडे फिरवलं, आणि मग जे सुरू झालं ते आमच्या ऑफिसने त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही. दहा-बारा वर्षांचं तुंबलेलं. "मी रडरड रडले, पान्याला जाताना रडले, इहिरीला शिव्या दिल्या, आन तुमी नारळ घेतला? लाज न्हाई वाटली नारळ घेताना? माज्या हातची भाकरी गप गिळली? चप्पल घालून चुलीपाशी येता? तवा बोलले न्हाई, आता बोलते!" खालचा किराणा दुकानदार वर आला. समोरच्या माडीवरचे कारकून खिडकीत गोळा झाले. आता त्यांची पाळी होती. साहेबांनी "अहो बाई, अहो बाई" म्हणून बघितलं आणि मग शांतपणे खुर्चीत बसून घेतलं.

आणि मेजर? मेजर नुसते तिच्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मिशी हसत होती. मीही रडले. ते मिरच्यांमुळे असं मी शिपायाला सांगितलं, पण त्या दिवशी खाली मिरच्या उतरल्याच नव्हत्या.

यल्लप्पाचं म्हणणं आम्ही रीतसर लिहून वर पाठवलं. मग लष्कराच्या एका मोठ्या दवाखान्यात फेरतपासणीला बोलावणं आलं. तिथे काय झालं ते मी शेवंताबाईंकडून ऐकलं, कारण मेजरांकडून ऐकण्यात अर्थ नव्हता. डॉक्टर पाठीमागे जाऊन उभे राहिले, तेवढ्यात या म्हणाल्या, "साहेब, आदी ती खिडकी झाका. ह्यो मानूस काचंत बगतो." डॉक्टरांनी पडदा ओढला. मग काही केल्या मेजर बोलेनात, तरी डॉक्टरांचा विश्वास बसेना. सोंग करणारे खूप बघितलेले. तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या, "मी इचारू का?" आणि पाठीमागे उभं राहून त्यांनी मेजरांच्या साता पिढ्यांचा असा उद्धार केला की डॉक्टरांचेच कान लाल झाले. मेजर समोरच्या भिंतीकडे बघत, फोटो काढायला बसल्यासारखे, प्रसन्न चेहऱ्याने बसून होते. डॉक्टरांनी हसत हसत लिहून टाकलं.

मंजुरीचा कागद आला तो मी वाचून दाखवला. बहिरेपण सेवेमुळे आलेलं आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. शेवंताबाई म्हणाल्या, "आता ह्याचं काय? ते यल्लप्पानं सांगितलं तवाच कळलं." मेजरांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "दवाखान्यात मागं उबं र्‍हाऊन ती काय म्हनली हो?" मी सांगितलं नाही. तसले शब्द मास्तरांच्या घरात बोलायची पद्धत नव्हती.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. मेजर गेल्याचं मला तिथेच कळलं, तेही फार उशिरा. जायला हवं होतं, गेले नाही. लेकरं लहान होती. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर मेजर अजून त्यांच्या गावच्या फाट्यावर उभे आहेत.

बदलीच्या दिवशी मी नांदेडच्या एसटीत बसले होते. अहमदपूरच्या अलीकडे त्यांचा फाटा लागतो. मला भेटायला, शेंगांची पिशवी द्यायला दोघं तिथे येऊन थांबणार, असं ठरलं होतं. एसटी थांबली. दोघं होते. पिशवी मेजरांच्या हातात होती. पण शेवंताबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या होत्या आणि भांडण अगदी भरात आलं होतं. शेंगा भाजून आणायच्या की कच्च्या, असं काहीतरी होतं. मी खिडकीतून हाक मारली. शेवंताबाईंना त्यांच्याच आवाजात ऐकू गेली नाही. मी हात बाहेर काढून हलवला, ओढणी हलवली. शेजारच्या बाईनेही हात हलवला. कंडक्टरने घंटी दिली.

एसटी निघाली. मी मागे वळून बघत राहिले. पिशवी तशीच हातात धरून मेजर उभे होते, आणि त्यांनी एकदाही मान वळवली नाही. वळवली असती तर तिचा एखादा शब्द हुकला असता.